४,२९,४९,६७,२९७ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्याण्णव. संख्या सिद्धांत शिकायला लागलं की ही संख्या लवकरच भेटते, पण बहुतेक ठिकाणी तिच्यावर दोन ओळी खर्चून पुढे जातात: "फर्माचा अंदाज चुकला, ऑयलरने दाखवलं." माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे. तिचा जवळजवळ प्रत्येक गुण एकाच साध्या गोष्टीतून निघतो आणि तो शाळेतल्या गणिताच्या बळावर तपासता येतो. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं थोडी सविस्तर. घात दाखवण्यासाठी ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे २^५ = ३२.

ही संख्या नेमकी कुठून आली?

२ चा ३२ वा घात काढा आणि त्यात १ मिळवा. २^३२ + १ = ४२९४९६७२९७. यातला ३२ हा आकडाही २ चाच पाचवा घात आहे. २ चा घातांक म्हणून पुन्हा २ चा घात घ्यायचा आणि शेवटी १ मिळवायचा, अशा रीतीने होणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. त्या अशा सुरू होतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग आपली ४२९४९६७२९७. क्रम शून्यापासून मोजायची पद्धत असल्याने तिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात, जरी ओळीत ती सहावी उभी असली तरी.

ती मूळ संख्या आहे का?

नाही. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत.

मग फर्माला ती मूळ का वाटली?

तिच्या आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत. ३, ५, १७ तर दिसताक्षणी कळतात, २५७ तपासायला काही मिनिटं पुरतात आणि ६५५३७ तपासायला चिकाटी लागते, पण तीही मूळच निघते. पियेर द फर्माने १६४० साली आपल्या पत्रव्यवहारात लिहिलं की या रूपाच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं त्याला वाटतं. सिद्धता आपल्याकडे नाही हेही त्याने सांगितलं होतं. १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्रात या विधानाकडे त्याचं लक्ष वेधलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा विभाजक जगापुढे ठेवला. तेव्हा ऑयलर पंचविशीत होता.

या गोष्टीत मला सर्वांत नवल वाटतं ते वेगळ्याच मुद्द्याचं. ज्याला आज आपण फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतो, तो फर्माने त्याच १६४० साली मांडला होता, आणि ६४१ पर्यंत पोहोचायला तेवढंच हत्यार पुरतं. कसं, ते पुढच्या उत्तरात.

६४१ सापडला कसा? एकेका संख्येने भागत बसले का?

तसं बसलं असतं तरी चाललं असतं. २, ३, ५, ७ असं मूळ संख्यांनी भागत गेलं तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. ११५ निष्फळ भागाकार आणि ११६ वा यशस्वी. पण भागाकार सुरू करताना हे ठाऊक नसतं. संख्या मूळ निघाली असती, तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत, सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. त्या ६५४२ आहेत.

ऑयलरने आधी प्रश्न उलटा केला: विभाजक असलाच, तर तो कसा दिसेल?

समजा p ही मूळ संख्या २^३२ + १ ला नि:शेष भागते. म्हणजे २^३२ ला p ने भागलं तर बाकी −१ येते (p मधून १ वजा केल्यावर जे उरतं, तीच ही बाकी). वर्ग करा: २^६४ ची बाकी १ येते. आता २ चे घात एकामागून एक घेत त्यांची p ने भागल्यावरची बाकी लिहीत गेलो, तर १ ही बाकी पहिल्यांदा कोणत्या घाताला येते? तो घातांक ६४ चा विभाजक असला पाहिजे, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ यांपैकी एक. तो ३२ किंवा त्याहून लहान असता, तर २^३२ ची बाकीही १ आली असती. पण ती −१ आहे. म्हणून तो घातांक ६४ च.

इथे छोटा सिद्धांत कामाला येतो. त्यानुसार २^(p−१) ची बाकीसुद्धा १ असते. म्हणून p−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. थोडक्यात p = ६४k + १, जिथे k ही एखादी पूर्ण संख्या.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त पाच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर हातात येतं. ११६ चे पाच झाले, तेही एकही आकडेमोड वेगाने न करता, नुसत्या विचाराने. हा मार्ग ऑयलरने काही वर्षांनी विभाजकांवरच्या आपल्या लेखनात मांडला.

पाचपेक्षाही कमी करता येतं का?

येतं, आणि ते अतिशय सुंदर आहे. १८७८ मध्ये एदुआर ल्यूकाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेता येतो. आपल्या संख्येपुरतं त्याचं कारण असं: २^२४ − २^८ ही संख्या, म्हणजे १६७७६९६०, घ्या आणि तिचा वर्ग करा.

(२^२४ − २^८)^२ = २^४८ − २^३३ + २^१६ = २^१६ × (२^३२ + १) − २ × २^३२

पहिला भाग आपल्या संख्येच्या पटीत आहे, म्हणून तो गळतो. दुसऱ्या भागात २^३२ ऐवजी −१ लिहा, उरतात २. म्हणजे बाक्यांच्या या दुनियेत १६७७६९६० हे २ चं वर्गमूळ आहे! २ ला १ पर्यंत पोहोचायला ६४ पावलं लागत असतील, तर त्याच्या वर्गमुळाला १२८ लागणार. म्हणून p−१ ला १२८ नेही भाग जातो.

आता यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच. मूळ संख्या दोन: २५७ आणि ६४१. यातली २५७ का बाद होते, ते पुढे येईल. म्हणजे प्रत्यक्षात एकच भागाकार.

६४१ ने भाग जातो, हे भागाकार न करता पटवून देता येईल का?

हो. ६४१ दोन प्रकारे लिहा:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ६२५ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ६२५ ची बाकी −१६, म्हणजे −२^४. ती आत ठेवा: −२^४ × २^२८ = −२^३२ ची बाकी १. म्हणून २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं.

दहा अंकी संख्या कुठेही लिहावी लागली नाही. विद्यार्थ्यांना बाक्यांचं गणित शिकवताना सुरुवात याच उदाहरणाने करावी असं मला मनापासून वाटतं.

६७००४१७ पुढे फुटत नाही, हे कशावरून?

इथेही तोच नियम मदतीला येतो. ६७००४१७ चा कोणताही मूळ विभाजक आपल्या मोठ्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तोही १२८k + १ या रूपाचा हवा. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत या रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भागून पाहिलं तर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२ येतात. एकही शून्य नाही. सिद्धता पूर्ण.

सात अंकी संख्या मूळ आहे हे पाच भागाकारांत सिद्ध होतं, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पाटीवर करून बघा. ६७००४१७ = १२८ × ५२३४७ + १ हेही जाता जाता तपासून घ्या.

तिचे विभाजक किती?

चार: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. चौघांची बेरीज ४३०१६६८३५६. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०.

मूळ संख्या ओळखण्याच्या कसोट्यांना ती फसवते म्हणतात. ते कसं?

छोट्या सिद्धांतावरून एक सोपी कसोटी निघते: N मूळ असेल तर २^(N−१) ला N ने भागल्यावर बाकी १ यायला हवी. नाही आली, तर N संयुक्त. आली, तर... बहुधा मूळ. हे "बहुधा" महत्त्वाचं आहे.

आपल्या संख्येत N−१ = २^३२. आपल्याला माहीत आहे की २^६४ ची बाकी १ येते. २^३२ ही संख्या ६४ च्या पटीत आहे. म्हणून २ चा २^३२ वा घात घेतला तर बाकी १ च येणार. संख्या संयुक्त असूनही ती कसोटी उत्तीर्ण होते. अशा संख्येला २ या पायासाठी आभासी मूळ संख्या म्हणतात. आज संगणकावर वापरतात त्या अधिक कडक, मिलर-राबिन पद्धतीच्या कसोटीलाही ती २ या पायावर चकवते, कारण वर्ग करत जाताना वाटेत −१ अगदी नियमाप्रमाणे येतो. दोष कसोटीचा म्हणता येणार नाही. संख्या २ पासूनच घडली आहे आणि आपण तिला २ बद्दलच विचारतो आहोत.

पाया ३ घेतला की सोंग लगेच उघडं पडतं. ३^(N−१) ची बाकी ३०२९०२६१६० येते, १ नव्हे. फर्मा संख्यांसाठी तर १८७७ मध्ये पेपँने अशाच विचारावर आधारलेली पक्की कसोटी दिली. आज ती पाया ३ घेऊन अशी वापरतात: ३^((N−१)/२) ची बाकी −१ आली तर आणि तरच संख्या मूळ. ५ पासून पुढच्या प्रत्येक फर्मा संख्येला ती लागू पडते. आपल्या संख्येसाठी ३ पासून सुरू करून ३१ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी घ्यायची. शेवटी १०३२४३०३ उरतात. म्हणजे संयुक्त.

एक गोष्ट लक्षात घ्या: ही कसोटी अवयव सांगत नाही. संख्या फुटते हे कळतं, कुठे फुटते ते नाही.

दोन वर्गांच्या बेरजेचा आणि या संख्येचा काय संबंध?

माझ्या दृष्टीने हा या संख्येचा सर्वांत देखणा गुण.

एक मांडणी उघडच आहे: ४२९४९६७२९७ = ६५५३६^२ + १^२. पण दुसरीही आहे:

४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + २०४४९^२

पहिला वर्ग ३८७६८०५६९६, दुसरा ४१८१६१६०१. बेरीज करून पाहा. (२०४४९ हा स्वतःच १४३ चा वर्ग आहे, हे आणखी एक गंमतीदार देणं.)

आता नियम असा: मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता आलीच, तर एकाच प्रकारे लिहिता येते. दोन प्रकार सापडले की संख्या संयुक्त ठरली, एकही विभाजक न शोधता. एवढंच नाही, तर या दोन मांडण्यांतून विभाजक बाहेरही काढता येतो. ऑयलरने ही पद्धत इतर मोठ्या संख्यांसाठीही वापरली.

फरक काढा: ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८. यांचा मसावि ८. भाग दिल्यावर उरतात ४०९ आणि २५५६. आता ४०९^२ + २५५६^२ = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. मोठा अवयव थेट समोर!

हे घडतं कारण ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांच्या दोन बेरजा गुणल्या की गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, आणि तो जोडण्याचे दोन मार्ग असतात. एका मार्गाने २५ × २५५६ + ४ × ४०९ = ६५५३६ आणि २५ × ४०९ − ४ × २५५६ = १०२२५ − १०२२४ = १. दुसऱ्या मार्गाने, चिन्हं उलटी करून, ६२२६४ आणि २०४४९. यापलीकडे तिसरी मांडणी नाही.

संगणकात हीच संख्या दिसते का?

नेमकी ही नाही, तिचे शेजारी दिसतात. ३२ बिटांत मावणारी, चिन्हाशिवायची सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या ४२९४९६७२९६. आपली संख्या यानंतरची. तिला ३३ बिट लागतात: १, मग ३१ शून्यं, मग पुन्हा १. ३२ बिटांच्या जागेत ती ठेवायला गेलं तर वरचा बिट गळून फक्त १ उरतो.

२ ने कमी असलेली ४२९४९६७२९५ विशेष का मानतात?

कारण ती आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार आहे: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. हे योगायोगाने होत नाही. २^३२ − १ = (२^१६ + १)(२^१६ − १), मग २^१६ − १ चे तसेच दोन तुकडे, असं खाली उतरत गेलं की आधीची सगळी भावंडं मिळतात.

यावरून लगेच कळतं की त्यांपैकी कोणतीही संख्या ४२९४९६७२९७ ला भागू शकत नाही. भागली असती, तर दोघींमधल्या फरकालाही, म्हणजे २ लाही भागली असती. वर २५७ बाद केला तो याच कारणाने.

पट्टी आणि कंपासने इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो का?

तत्त्वतः बोलायचं तर: ४२९४९६७२९५ बाजूंचा येतो, ४२९४९६७२९६ बाजूंचा येतो, ४२९४९६७२९७ बाजूंचा येत नाही.

गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवलं आणि पुढे नियम दिला: बाजूंची संख्या २ चा घात, वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार, किंवा या दोहोंचा गुणाकार हवी. याखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येला जमत नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये वँझेलने प्रसिद्ध केली. ४२९४९६७२९५ हा पाचही ज्ञात मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार. विषम बाजूंचा, रचना करता येतो असा याहून मोठा बहुभुज आजवर माहीत नाही. आपल्या संख्येत मात्र ६४१ आडवा येतो, कारण ६४१ − १ = ६४० मध्ये ५ हा अवयव आहे. ६४१ मूळ असूनही फर्मा संख्या नाही.

दशमान पद्धतीत तिचं काही वैशिष्ट्य आहे का?

फारसं नाही. शेवटचा अंक ७, जो १७ पासून पुढच्या सगळ्याच फर्मा संख्यांचा असतो. अंकांची बेरीज ५९. पण ६४१ बद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. द्विमान पद्धतीत १, ३१ शून्यं आणि १ अशा संख्येला तो भागतो हे पाहिलं. दशमान पद्धतीत १, १५ शून्यं आणि १, म्हणजे १०^१६ + १, हिलाही तो भागतो! म्हणूनच १ ÷ ६४१ च्या दशांश रूपात बरोबर ३२ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो.

तिच्या सर्वांत जवळच्या मूळ संख्या कोणत्या?

खाली ४२९४९६७२९१, वर ४२९४९६७३११.

पुढच्या फर्मा संख्यांचं काय झालं? एखादी तरी मूळ निघाली?

अजून एकही नाही. सहावी, २^६४ + १, ही १८८० मध्ये लँड्रीने फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. इथे विभाजक २५६k + १ या रूपाचा हवा आणि लहान अवयवासाठी k = १०७१ आहे. आपल्या संख्येत १२८k + १ साठी k फक्त ५ होता. ऑयलरच्या आणि लँड्रीच्या यशात जवळपास दीडशे वर्षांचं अंतर का पडलं, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो. सातवी १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्टने संगणकाच्या मदतीने फोडली, आठवी १९८० मध्ये ब्रेंट आणि पोलार्डने.

पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालं आहे. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा एकही अवयव अद्याप हाती लागलेला नाही. त्या फुटतात एवढं पेपँच्या कसोटीने सांगितलं. तेहतिसावी मूळ की संयुक्त, हा प्रश्न उघडा आहे. तिच्यात अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत, आणि पेपँची कसोटी लावायची तर एवढ्या लांबीच्या संख्येचा आठ अब्जांहून जास्त वेळा वर्ग करावा लागेल.